पोहण्याच्या तलावात क्लोरिनसाठी काय टाकायचं: हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) की टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड) गोळ्या?

तलावाचा परवाना भिंतीवर टांगलेला असला तरी खरी परीक्षा पाण्याचीच: मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरिन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच ७.२ ते ७.८.

एक लाख लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं हायपो साधारण एक लिटर लागतं, टीसीसीए ९० (९० टक्के क्लोरिनची) सुमारे ११० ग्रॅम. हायपोने पीएच चढतो, टीसीसीएने उतरतो. म्हणजे पीएच जागेवर आणायला एकाला अ‍ॅसिड, दुसऱ्याला सोडा अ‍ॅश.

साठवणीत हायपो हरतं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतला कॅन झपाट्याने कमजोर होतो, मग मोजून टाकूनही क्लोरिनचं रीडिंग येत नाही. गोळ्या कोरड्या जागी टिकतात.

पण गोळ्यांची खोट उशिरा कळते. प्रत्येक १ पीपीएम क्लोरिनमागे सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साचतं. थोडं असलं तर उन्हापासून क्लोरिन वाचतं. शंभर पीपीएमवर गेलं की रीडिंग छान, जंतू मात्र सावकाश मरतात. उपाय एकच, पाणी बदला. उन्हाळ्यात टँकरचा भाव विचारून बघा!

दोन्ही एका डब्यात कधीच नको: विषारी वायू, स्फोटही.

छताखालचा किंवा गर्दीचा तलाव असेल तर डोसिंग पंप (ठरलेला डोस आपोआप सोडणारा) आणि दर आठवड्याला ताजं हायपो. सोसायटीच्या उघड्या छोट्या तलावाला गोळ्या, महिन्यातून एकदा सायन्युरिक तपासायची तयारी असेल तरच.