उसनी करडं दाखवून विकलेल्या शेळ्या

मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात थोडीफार जमीन असलेली बरीच कुटुंबं ठाणे, कल्याण, बदलापूरला राहतात. आमचंही तसंच. सासऱ्यांची जागा मुरबाड तालुक्यात, दीर आणि जाऊबाई तिथेच असतात, आम्ही दोघं बदलापूरला. भाऊजींनी शेळीपालन करायचं ठरवलं, गोठा बांधला, पैसे आम्ही घातले. ज्या माणसाकडून शेळ्या घेतल्या त्याने आम्हाला पद्धतशीर फसवलं. तो हा धंदा अजून करतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

त्याचं बोलणं असं : १० शेळ्या आणि १ बोकड असं युनिट, शेळ्या शुद्ध उस्मानाबादी, दोन दाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या, पहिल्या वेताच्या, खाली जुळी करडं. करडं तीन महिन्यांची झाली की जिवंत वजनावर तोच परत घेणार आणि तसा करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करून देणार. शिवाय राष्ट्रीय पशुधन अभियानातून निम्मं अनुदान मिळवून देतो, फाइलचे पैसे वेगळे. हे शेवटचं तर सरळसरळ खोटं. त्या योजनेत शेळ्यांचं सगळ्यात लहान युनिट १०० शेळ्या आणि ५ बोकडांचं आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि अनुदान दोन हप्त्यांत बँकेमार्फत येतं. दहा शेळ्यांच्या गोठ्याला त्यातून रुपयाही मिळत नाही.

पण खरी फसवणूक गोठ्यात होती.

त्याच्या फार्मवर गेलो तेव्हा नजर आधी करडांवर गेली. काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके, आठ-दहा दिवसांची, एकेका शेळीमागे दोन. शेळ्या दावणीला आखूड बांधलेल्या, पुढ्यात हिरवा चारा आणि भरडा, तोंडं गव्हाणीत. करडं मागून पीत होती आणि शेळ्या खात होत्या. कासा टरटरून भरलेल्या. ‘ताई, जुळ्यांची लाइन आहे आपली, दूध बघा,’ तो म्हणाला. उस्मानाबादी जुळ्यांसाठी प्रसिद्धच आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं.

टेम्पो संध्याकाळी आला. भाऊजींनी शेळ्या गोठ्यात मोकळ्या सोडल्या आणि निम्म्याहून जास्त शेळ्यांनी करडांना ढुशा मारायला सुरुवात केली. करडू जवळ गेलं की हुंगायचं आणि उडवून द्यायचं. फोन केला तर, ‘प्रवासाचा ताण आहे, उद्या घेतील.’ दुसऱ्या दिवशीही घेतलं नाही.

शेजारच्या वाडीतली एक ठाकर मावशी गोठ्यावर आली होती. तिचं आयुष्य शेळ्यांमागे गेलेलं. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि जाऊबाईंना म्हणाली, ‘बाय, ही पोरं हिची नाय. आईचं पोर बाजूला उभं राहून पितं. चोरून पिणारं मागच्या पायांतून तोंड घालतं.’

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शेळी व्यायली की करडाला चाटते आणि पहिल्या काही तासांत त्याचा वास तिच्या डोक्यात पक्का बसतो. नंतर ती वासावरूनच आपलं कोणतं ते ठरवते. स्वतःचं करडू पिताना तिच्या अंगाला लागून, शेपूट तिच्या तोंडाकडे करून उभं राहतं. ती शेपटीखाली हुंगते आणि पिऊ देते. परक्याला हुंगलं की मारते. म्हणून उपाशी करडू तिला वास लागणार नाही अशा बेताने मागून शिरतं. शेळी आखूड बांधली, तोंड चाऱ्यात गुंतवलं, की तिला मान वळवून हुंगताच येत नाही. त्या माणसाची सगळी युक्ती दाव्याच्या लांबीत होती. भरलेल्या कासेचं कारणही तेच निघालं : धार न काढता, पिलं न लावता कास तुंबवून ठेवलेली. दूध उतरल्यावर काही शेळ्यांच्या सडात गाठी हाताला लागल्या, म्हणजे दगडी, कासेचा रोग, झालेली.

करडं कुठून आणली होती हे आजपर्यंत कळलेलं नाही. काहींची नाळ वाळून गळलेली, काहींची अजून ओली, म्हणजे वयंही वेगवेगळी. डॉक्टरांचा अंदाज असा की कळपाकळपांतून स्वस्तात गोळा केलेली ही पिलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, मिळालाच नव्हता. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते. ती चिकातून येते. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात जायला हवा, आणि पहिल्या दिवसात वजनाचा साधारण दहावा हिस्सा. दोन किलोचं करडू असेल तर दोनशे मिली. एकदा चोवीस तास उलटले की आतडं ती शक्ती शोषून घेत नाही. मग कितीही दूध पाजा, ते नुसतं पोट भरतं.

आम्ही सगळे बाटल्या घेऊन बसलो. गाईचं दूध कोमट करून, दिवसातून चार वेळा, रात्रीसुद्धा. जाऊबाई गोठ्यातच झोपायच्या. करडू पाठीला पोक काढून कोपऱ्यात उभं राहिलं की समजायचं. तोंडात बोट घातलं आणि आत गार लागलं तर आधी त्याला ऊब द्यायची, मगच दूध. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तरी हगवण लागली, मागोमाग न्यूमोनिया. ज्यांच्या आया खरंच बरोबर आल्या होत्या ती जगली. बाकीची बहुतेक गेली. पैसे बुडाल्याचं दुःख आहेच, पण आठ दिवसांच्या जिवांना आईपासून तोडून दुकानातल्या मालासारखं मांडायचं आणि ती मरणार हे माहीत असताना विकायचं, याची चीड माझ्या मनातून जात नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर उघड झाल्या. डॉक्टरांनी शेळ्यांची तोंडं उघडली. पहिली कायमची दातांची जोडी साधारण वर्ष-दीड वर्षाला येते, चार वर्षांच्या आसपास आठही दात पुरे होतात. या ‘दोन दाती’ शेळ्यांचे आठही दात येऊन झिजले होते, फटी पडल्या होत्या. लसीकरणाच्या दाखल्यावर करडांनाही पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस टोचल्याचं लिहिलेलं. ती लस तीन महिन्यांनंतर देतात. नाळ न वाळलेल्या पिलाला ती दिली हा दाखलाच खोटा. शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले होते, पण त्यांवरचे १२ अंकी नंबर डॉक्टरांनी भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत टाकले तेव्हा जनावर आणि मालक दोन्ही भलतेच निघाले.

आणि करार. त्यात एक ओळ होती : तीन महिन्यांचं करडू किमान १५ किलो भरलं तरच परत घेतलं जाईल. उस्मानाबादी करडू त्या वयात आठ-दहा किलोचं असतं. म्हणजे आमची सगळी करडं ठणठणीत वाढली असती तरी त्याने एकही घेतलं नसतं.

नवीन घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. करडांसह शेळी घेत असाल तर ती तुमच्यासमोर दावणीतून सोडायला लावा, पुढचा चारा काढायला लावा आणि अर्धा तास नुसतं बघत बसा. करडू बाजूने पितं का, शेळी हुंगून पिऊ देते का, करडू दुसरीकडे नेलं की ओरडते का. विकणारा सोडायला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा. दात आणि कास आपल्या हाताने बघा, बिल्ल्याचा नंबर पैसे देण्याआधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. दारात फिरता दवाखाना हवा असेल तर १९६२ हा नंबर आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची रांजणी, महूद, पडेगाव अशी प्रक्षेत्रं आहेत, पैदाशीच्या जनावरांसाठी आधी तिथे चौकशी करा. उस्मानाबादी मूळची धाराशिव-लातूरकडच्या कोरड्या मुलखातली, मुरबाडच्या पावसात तिला उंच, कोरडा माचा द्यावाच लागतो. कोकण कन्याळ ही जात आपल्या पावसाला जास्त सोसणारी आहे, पण दलाल तिचं नाव काढत नाहीत.

हाच माणूस ‘शेळी तुमची, सांभाळ आमचा, दरमहा परतावा’ अशीही योजना विकतो. २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईला इमू पक्ष्यांच्या नावाने आणि २०१९ मध्ये आपल्याकडे इस्लामपूरला कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने हेच झालं होतं. असे पैसे ठेवलेल्यांनी ठेवीदारांच्या संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याबद्दल, म्हणजे एमपीआयडीबद्दल, वकिलाला जरूर विचारावं.

आम्हाला सुरुवातीला ‘हा दिवाणी व्यवहार आहे’ असं ऐकवण्यात आलं. वकिलांनी तक्रारीत मुद्दा स्पष्ट मांडला : विकतानाच खोटी वस्तू खरी म्हणून दाखवली, म्हणून भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. सगळ्यात उपयोगी पडला त्यानेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला गोठ्याचा व्हिडिओ. त्यात आखूड दावी आणि मागून पिणारी करडं स्वच्छ दिसतात. त्याच्यासोबत डॉक्टरांचा लेखी अहवाल, शवविच्छेदनाचे कागद, टेम्पोची पावती, यूपीआयच्या नोंदी जोडल्या. गुन्हा नोंद झाला आहे, तपास चालू आहे.

तोच व्हिडिओ आता वेगळ्या फार्मच्या नावाने फिरतो आहे. निळ्या पत्र्याचं छप्पर, डाव्या हाताला सिमेंटची टाकी, आणि शेवटून दुसरी शेळी एका शिंगाची. ज्यांनी त्याच्याकडून जनावरं घेतली असतील त्यांनी आपापल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात वेगळी लेखी तक्रार द्यावी आणि करडं मेली असतील तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्यावं.