नौपाड्यातून घेतलेला जुना एलपी सेट, ४ स्टार

नौपाड्यातल्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून बिर्गिट निल्सन या ऑपेरा गायिकेचा 'ट्रिस्टान उंड इझोल्डं' (वाग्नरचा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक) घेतला, जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवातलं १९६६ चं लाइव्ह रेकॉर्डिंग, कंडक्टर कार्ल ब्योम. अठराशे म्हणत होता, घासाघीस करून पंधराशेला दिला.

ड्रॅमॅटिक सोप्रानो, म्हणजे बाईंचा उंच पट्टीतला दमदार, भारदस्त आवाज, नेमका काय असतो ते मोबाईलवर ऐकून कधी कळलंच नव्हतं, इथे शेवटी अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो आणि बाईंचा आवाज त्याच्या वरून सरळ निघून जातो, तेही जवळजवळ चार तासांचा ऑपेरा गाऊन झाल्यावर, आणि ऑपेरा हाऊसमधे माइक लावत नाहीत हे लक्षात घ्या. आपल्याकडे जुने नाट्यसंगीतवाले बिनमाइकचे गायचे ना, तसंच, पण समोर दोन पेट्या-तबला नाही, शंभरेक वादक! स्वीडनच्या शेतकऱ्याची ही मुलगी, १९५९ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधे पहिल्यांदा गायली ती हीच इझोल्डं, या ऑपेराची नायिका. पुच्चिनीच्या ऑपेरातली तुरांदोतपण भारी गायची म्हणा.

एक स्टार कापला कारण तिसऱ्या रेकॉर्डवर चरा निघाला, ऐन ड्युएटमधे टक टक टक, आणि दुकानदार म्हणतो 'जुना माल बदलून मिळत नाही'. घ्यायच्या आधी तिथेच लावून बघा, प्लेयर आहे त्याच्याकडे. शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, पार्किंग मिळायचं नाही.