दोन राज्यांचा एक अर्ज: गूगल फॉर्म्सचे परीक्षण

बेळगाव, खानापूर आणि चंदगड या पट्ट्यातील मराठी मुलांसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन करायचा म्हटले की पहिली अडचण येते ती परीक्षा मंडळाची. कुद्रेमनीचा विद्यार्थी कर्नाटकाची एसएसएलसी म्हणजे दहावीची परीक्षा ६२५ गुणांची देतो, तर लगतच्या, पण महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या विद्यार्थ्याची दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवरून निघते. एकाच्या जात-उत्पन्नाच्या दाखल्यावर नाडकचेरीचा (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाचा) आरडी क्रमांक, म्हणजे दाखल्याचा ओळख क्रमांक असतो, दुसऱ्याला तो काय असतो हेही ठाऊक नसते. सगळे प्रश्न सगळ्यांपुढे ठेवले, तर मुले निम्म्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहितात किंवा अर्ज मध्येच सोडून देतात. आमच्या संस्थेने हा अर्ज गूगल फॉर्म्सवर तयार केला. दिलेल्या उत्तरानुसार पुढचे प्रश्न बदलण्याची जी सोय त्यात आहे, तिच्यापुरतेच हे परीक्षण आहे.

सोय मोफत आहे आणि शिकायला सोपी आहे. अर्जाचे विभाग पाडायचे, ‘दहावी कोणत्या मंडळातून?’ हा एकच पर्याय निवडण्याचा प्रश्न पहिल्या विभागात ठेवायचा आणि त्याच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ निवडून प्रत्येक पर्यायापुढे त्याचा विभाग नेमून द्यायचा. जो विभाग विद्यार्थ्यापुढे येतच नाही, त्यातील सक्तीचे प्रश्न त्याला अडवत नाहीत, ही यातली सर्वांत मोलाची बाब. शिवाय कर्नाटकाच्या विभागात गुणांची कमाल मर्यादा ६२५ आणि महाराष्ट्राच्या विभागात ५०० अशी वेगवेगळी ठेवता येते, त्यामुळे घाईत ५६२ ऐवजी ६५२ लिहिणाऱ्याला अर्ज तिथेच थांबवतो.

मात्र प्रत्येक विभागाच्या शेवटी ‘यानंतर कुठे जायचे’ हे वेगळे सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर कर्नाटकाचा विभाग पूर्ण केलेला विद्यार्थी क्रमाने पुढे असलेल्या महाराष्ट्राच्या विभागात शिरतो. अर्ज बनवणाऱ्याला हा दोष सहसा दिसत नाही, कारण तो स्वतः एकाच वाटेने तपासणी करतो. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाटेने मोबाइलवर एकदा शेवटपर्यंत जाऊन पाहणे आवश्यक आहे.

खरी मर्यादा पुढे जाणवते. वाट फक्त एकच पर्याय निवडण्याच्या किंवा ड्रॉपडाउनच्या (खाली उघडणाऱ्या यादीच्या) प्रश्नावरून फुटते, अनेक पर्यायांवर खुणा करण्याच्या प्रश्नावरून नाही. उडीही विभागावरच जाते, त्यामुळे एखादाच जादा प्रश्न लपवायचा असला तरी त्याच्यासाठी स्वतंत्र विभाग उघडावा लागतो. ‘कर्नाटक मंडळ, आणि खानापूर तालुका, आणि वसतिगृहात राहणारा’ अशा अटी एकत्र जोडता येत नाहीत. मराठीबरोबर कन्नड अर्जही द्यायचा ठरवला, तर आरंभी भाषा विचारून पुढचा सगळा अर्ज दोनदा रचण्याखेरीज मार्ग नाही, आणि मग दुरुस्त्याही दोन्हीकडे करत बसावे लागते. दोन विभागांतील गुण उत्तरे जमा होणाऱ्या गूगल शीटमध्ये दोन स्तंभांत पडतात, ते गुणवत्ता यादीसाठी सूत्राने एकत्र करावे लागतात.

मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये उडी विभागाऐवजी थेट प्रश्नावर घेता येते, पण फक्त पुढच्या प्रश्नावर. अटींच्या बाबतीत ‘टॅली’ (हिशेबाचे नव्हे, ऑनलाइन अर्ज बनवण्याचे त्याच नावाचे साधन) या दोघांच्याही पुढे आहे. तिथे अनेक अटी जोडून एखादाच प्रश्न दाखवता किंवा लपवता येतो, टक्केवारीचे गणितही अर्जातच करता येते, आणि हे सारे मोफत योजनेत मिळते. परंतु त्याची मांडणी इंग्रजीत आहे, आणि आमच्यासारख्या संस्थांत ज्येष्ठ कार्यकर्ते दरवर्षी अर्ज हाताळतात, त्यांना गूगलची पाने आधीपासून परिचित आहेत. माझ्या मते दोनपेक्षा अधिक अटी एकमेकींत गुंतत असतील तरच टॅलीकडे वळावे.

आमच्याकडे फाटा एकच, परीक्षा मंडळाचा, म्हणून आम्ही गूगलवरच राहिलो. फक्त दाखल्यांच्या प्रती ऑनलाइन मागवल्या नाहीत. गूगल फॉर्म्समध्ये फाइल जोडायची तर गूगल खात्यात साइन-इन करावे लागते, आणि खेड्यांतील बरीच मुले वडिलांच्या फोनवरून अर्ज भरतात, ज्यांच्या खात्याचा पासवर्ड घरात कोणालाच आठवत नाही. त्या प्रती शाळेतच जमा करून घेतल्या जातात, आणि आरडी क्रमांक तेवढा अर्जात लिहून घेतला जातो.