‘विश’ला घातलेला लगाम: प्लेयर्स हँडबुकमधील एका मंत्राचे परीक्षण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनारम्य भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे प्लेयर्स हँडबुक हे नियमपुस्तक मी डन्जन मास्टर (खेळ चालवणारा) म्हणून बरीच वर्षे वापरत आलो आहे, आणि या पुस्तकाच्या नियमरचनेची पारख करायची तर नवव्या लेव्हलचा ‘विश’ हा एकच मंत्र पुरेसा आहे, असे माझे मत झाले आहे. सतराव्या लेव्हलला (मंत्राची नव्हे, पात्राच्या प्रगतीची पायरी) पोचलेला विझार्ड किंवा सॉर्सरर, म्हणजे जादूगार पात्र, एका ॲक्शनमध्ये (आपल्या पाळीतल्या एका कृतीत), नुसते शब्द उच्चारून हवे ते मागू शकतो. असा वर देणारा मंत्र मोकळा सोडला, तर तो भस्मासुर होणार हे उघड आहे.

जुन्या आवृत्त्यांनीही त्याला लगाम घातला होता, पण तो चुकीच्या जागी. दुसऱ्या आवृत्तीत मंत्र टाकणाऱ्याचे वय ५ वर्षांनी वाढत असे, ज्याची शेकडो वर्षे जगणाऱ्या एल्फला काडीचीही फिकीर नव्हती. तिसऱ्या आवृत्तीत ५,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) खर्ची पडत, त्यामुळे माझ्या पाहण्यातले खेळाडू मंत्र शिकून घेत आणि कंजूषपणे राखून ठेवत. पाचव्या आवृत्तीने आठव्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या कोणत्याही मंत्राची नक्कल फुकट आणि निर्धोक ठेवली आहे. त्यापलीकडे काही मागितले, तर मात्र स्ट्रेंग्थ (अंगातल्या ताकदीचा गुण) ३ वर घसरते, पुढच्या लाँग रेस्टपर्यंत (पात्राच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत) टाकलेला प्रत्येक मंत्र टाकणाऱ्यालाच इजा करतो, आणि पुन्हा कधीही ‘विश’ करता न येण्याची ३३ टक्के शक्यता असते.

ही शेवटची अट मला सर्वांत पसंत आहे. आमच्या मोहिमेत ड्रॅगनच्या आगीपुढे क्लेरिकचा (पुजारी पात्राचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, फसला, तेव्हा विझार्डने ‘विश’ करून तो फासा ॲडव्हान्टेजसह (दोनदा टाकून मोठा आकडा धरायच्या सवलतीसह) पुन्हा टाकायला लावला. क्लेरिक वाचला, मग विझार्ड खेळणाऱ्याने टक्केवारीचे दोन फासे हातात घेतले आणि २९ पडले, म्हणजे ३३ च्या आत. त्यानंतरचे काही दिवस जेमतेम ४५ पौंड ओझे उचलू शकणाऱ्या त्या विझार्डचे सामान बाकीच्यांनी वाहिले. पण मंत्र कायमचा गेल्याबद्दल त्या खेळाडूने एका शब्दानेही तक्रार केली नाही, कारण सौदा काय आहे हे त्याला फासे टाकण्याआधीच ठाऊक होते.

याउलट, पुस्तकाने दिलेल्या नमुना-परिणामांच्या यादीबाहेरची मागणी आली की डन्जन मास्टरने ती आपल्या मर्जीप्रमाणे फिरवावी, अशी मोकळीक देणारा परिच्छेद या नियमाचा कच्चा दुवा आहे. खलनायक मरावा असे मागितले, तर मागणाराच तो मेल्यानंतरच्या काळात फेकला जाऊ शकतो, हे उदाहरण पुस्तकातच आहे. एका आधीच्या मोहिमेत मी ते जसेच्या तसे वापरले. त्या खेळाडूने करारनाम्यासारख्या पोटकलमांसह अर्धे पान भरून मागणी लिहिली होती, तिचा कीस पाडून मी फट शोधली आणि स्वतःवरच खूश झालो. त्याने कॅरेक्टर शीट मिटून ठेवली आणि त्या रात्री तो फारसा बोललाच नाही. चूक माझी होती, हे मान्य आहे. तरीही मागण्याला मर्यादा घालताना मागणाऱ्याला मूर्ख ठरवण्याचा रस्ता पुस्तकाने इतक्या ठळकपणे दाखवायला नको होता. अशी मागणी आली की मी आता आधीच सांगतो: एवढे मिळेल, त्याचा मोबदला हा, पटत नसेल तर शब्द मागे घे.

दुसरा दोष नियमाच्या हेतूवरच पाणी फिरवणारा आहे. सातव्या लेव्हलच्या ‘सिम्युलॅक्रम’ने १२ तास आणि १,५०० गोल्ड पीसेस किमतीची माणकाची भुकटी खर्चून विझार्डला स्वतःची बर्फाची प्रतिकृती बनवता येते. नवव्या लेव्हलचा स्लॉट (त्या लेव्हलचा मंत्र टाकण्याची मोजकी संधी) तोवर वापरलेला नसेल, तर तो प्रतिकृतीलाही मिळतो. मग तिनेच ‘विश’ करावा, अशक्तपणा आणि ३३ टक्क्यांची जोखीम तिच्या गळ्यात पडावी, आणि विझार्डने नामानिराळे राहावे! इतक्या विचाराने घातलेला लगाम त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या मंत्राने सैल व्हावा, हे संपादनाचे अपयशच म्हटले पाहिजे.

या दोषांमुळे मी या मंत्राला पाचपैकी साडेतीन गुण देतो. आमच्या टेबलावर प्रतिकृतीने ‘विश’ केला, तरी टक्केवारीचे फासे मूळ विझार्डच्या नावाने पडतात, असा नियम आम्ही जोडला आहे. नव्या मोहिमेतल्या विझार्डने तो लगेच मान्य केला, मात्र त्या दिवसानंतर त्याने ‘सिम्युलॅक्रम’ एकदाही टाकलेला नाही.