संगणक वर्गासाठी पूर्ण मिरर की कॅश?

निपाणीतील आमच्या संगणक वर्गात डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारे चौदा संगणक आणि एकच इंटरनेट जोडणी आहे. जवळचा मिरर, म्हणजे डेबियनच्या सॉफ्टवेअर भांडाराची प्रत ठेवणारा सर्व्हर, निवडून पाहण्याचा पहिला उपाय मीही केला. परंतु एकच फाइल त्याच जोडणीवरून चौदा वेळा उतरणार असेल, तर मिरर मुंबईत आहे की जर्मनीत, याने फारसा फरक पडत नाही. मग दोन मार्ग उरतात: ॲप्ट-मिरर या प्रोग्रामने ते संपूर्ण भांडार आपल्याकडे आणून ठेवणे, किंवा ॲप्ट-कॅशर-एनजी हा प्रोग्राम बसवून जे मागितले जाईल तेवढेच साठवणे, म्हणजेच कॅश.

पहिल्या मार्गाने मी वर्षभर काम केले. भांडार एकदा भरले की बाहेरची जोडणी तुटली तरी तास बुडत नाही, हे त्याचे मोठेपण मान्यच करावे लागेल. जागेचीही मला अडचण वाटली नाही. जुन्या आवृत्त्या पुसणारी क्लीन स्क्रिप्ट आठवणीने चालवली म्हणजे झाले. मला जेरीस आणले ते रोजच्या अद्ययावतीकरणाने. पावसाळ्यात रात्री वीज जाई, इन्व्हर्टर मान टाकी, आणि सकाळी सर्व्हर सुरू होताच रात्री चुकलेले हे काम ॲनाक्रॉन (राहून गेलेली ठरावीक कामे नंतर चालवणारा प्रोग्राम) इमानाने हाती घेई, तेही नेमके मुले येऊन बसण्याच्या वेळी. एकदा जोडणी कशाने अडली म्हणून लॉग उघडला, तर झिरो एडी या खेळाचे शेकडो एमबींचे डेटा-पॅकेज उतरत होते. आमच्याकडे तो खेळ कोणीही, कधीही बसवलेला नाही.

कॅशचे तसे नाही. सर्व्हरचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट प्रत्येक संगणकावरील ॲप्टच्या, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या साधनाच्या, मांडणीत एका ओळीत लिहिला की काम भागते. आमच्या भागात लिब्रेऑफिसला मराठी आणि कन्नड असे दोन्ही भाषासंच लागतात. पहिल्या संगणकावर ते रेंगाळत उतरले, पण उरलेल्या तेरांवर माझा चहा होण्याआधीच बसले. उणिवा यालाही आहेत. एचटीटीपीएस या कूटबद्ध मार्गाने येणारी भांडारे तो सहसा साठवत नाही, आणि त्यांना नुसते जाऊ द्यायचे तरी मांडणीत तशी परवानगी लिहावी लागते. लॅपटॉप घरी नेला की प्रॉक्सी, म्हणजे वर्गातला हा कॅश सर्व्हर, सापडत नाही म्हणून ॲप्ट अडून बसते. त्यावर ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी हे पॅकेज मला पुरेसे वाटले.

आपल्याकडे वीज आणि जोडणी दोन्ही भरवशाची असतील, तर कदाचित आपला अनुभव वेगळा असेल. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढच्या एका शाळेसाठी मी अजूनही पूर्ण मिररची डिस्क भरून एसटीने पाठवतो, कारण तिथे जोडणीच नाही. मात्र डेबियनच्या सुरक्षा भांडारातील रिलीज फाइलला, म्हणजे पॅकेजांच्या याद्यांची नोंद असलेल्या फाइलला, मुदत असते आणि ती उलटली की ॲप्ट ती यादी नाकारते, त्यामुळे डिस्क पोहोचायला उशीर झाला की मुदत न तपासण्याचा पर्याय तिथल्या सरांना फोनवरून अक्षर-अक्षर सांगावा लागतो.