इंदूरच्या सरकारी टीबी सेंटरचा अनुभव: सेंटरला साडेचार स्टार, आम्हा लोकांना दोन

दिराचा टीबीचा कोर्स नुकताच संपला, सगळा सरकारी सेंटरमधूनच केला, म्हणून लिहितेय. गल्लीतल्या एका प्रायव्हेट डॉक्टरकडे आधी खोकल्याच्या बाटल्या रिचवून झाल्या, बेडका तपासू असं कोणी म्हणालंच नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तपासायचाच असतो हो!

सेंटरवर पहिल्यांदा गेलो तर सिस्टरने डबी हातात दिली आणि म्हणाली, भैया, थूक नहीं चाहिए, सकाळी उठल्या उठल्या खोलातून खाकरून काढा आणि उघड्यावर जाऊन काढा, घरात नको. मशीनवर तपासलं, त्यात टीबीबरोबर रिफाम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) लागू पडेल की नाही तेही कळतं. वजन केलं, त्याप्रमाणे रोज ४ गोळ्या एकदम, आणि लघवी केशरी होईल, घाबरू नका हे आधीच सांगितलं, नाहीतर आमच्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. २०२४ मधे देशभर गोळ्यांची टंचाई झाली होती म्हणून मला धाकधूक होती पण आमच्या वेळी एकदाही "कल आना" ऐकलं नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि छोट्या पुतण्याला काही त्रास नसतानाही टीबी होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. सगळं फुकट.

अर्धा स्टार कापला तो पैशांसाठी. निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे पेशंटच्या खाण्यापिण्यासाठी सरकार खात्यात टाकतं ते, महिन्याला ५०० होते ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, छान, पण आमच्याकडे आले ते गोळ्या संपत आल्यावर, एकदम. अंडी, दूध, डाळ तर पहिल्या महिन्यापासून लागते ना? आणि भिंतीवर अजून २०२५ पर्यंत टीबीमुक्त भारतचं पोस्टर, ते बदला आता.

आता आपल्या लोकांचं. दीर ज्या दुकानात कामाला होता तिथल्या शेटने सहा महिने तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की गोळ्या नियमित चालू आहेत, आता संसर्गाची भीती जवळजवळ नाही, तरी नाहीच. मग पगार बंद, आणि पगार बंद झाला की माणूस गोळ्या सोडून हातगाडी लावायला जातो, तिथेच रेझिस्टन्सचं, म्हणजे औषधं लागूच न पडण्याचं, लफडं सुरू होतं. हे सरकार कसं थांबवणार? वाड्यातल्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं (टीबी मला नव्हता!). पण आमच्या गणपती मंडळातली दोन पोरं स्वतःहून निक्षय मित्र (टीबी पेशंटला मदत करणारे स्वयंसेवक) झाली, दर महिन्याला किराण्याची पिशवी आणून द्यायची, वर दारात न थांबता आत येऊन चहा प्यायची. दोन स्टार त्यांचेच, बाकीच्यांना शून्य.

कोणाला लागलं तर: प्रायव्हेटमधे उपचार चालू असले तरी निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) मागून घ्या, प्रायव्हेट डॉक्टरने पेशंट सरकारला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे आणि गोळ्या आणि पोषणाचे पैसे त्यांच्या पेशंटलाही मिळतात. बँक खातं आधारला जोडलंय का ते पहिल्याच दिवशी बघा. काही अडलं तर सरकारी टीबी हेल्पलाइन १८००-११-६६६६.