पितळेच्या भावात जस्त

गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी दोन बाथरूमला आणायला गेल्या दिवाळीआधी कॉम्पोझिट पाइप (प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा) टाकला. प्लंबर 'सोळा-वीस' म्हणतात तो, आतून १६ आणि बाहेरून २० मिलिमीटर. फिटिंग पितळीच हवं, एवढं मी बजावलं होतं. प्लंबरनं ओळखीच्या दुकानातून एल्बो (कोपऱ्याचे जोड), टी (तीन तोंडांचे जोड) मिळून १४ नग आणले. वर चकचकीत निकेल, दर पितळेचा. मी शहाणपणानं लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही, खूश झालो. (जस्तालाही चिकटत नाही, हे तेव्हा आठवायला हवं होतं.)

पाच महिन्यांत एक एल्बो झिरपायला लागला. प्लंबरनं नटाखाली टेफ्लॉनचे वेढेच्या वेढे दिले, पाइप पान्यानं करकचून आवळलं आणि तीनशे रुपये नेले. आठच दिवसांनी भल्या पहाटे तो नट उभा चिरला. माळ्यावरच्या गाद्या भिजून चिंब.

तुटका एल्बो भंगारवाल्यापुढे ठेवला. त्यानं तळहातावर नुसता उडवला. "पितळ नाही हे साहेब, हलकं लागतंय." कानस मारली तर निकेलखाली करडं. मग पोत्यातला एक जुना नळ घासून दाखवला, पिवळाधमक!

दुकानदार म्हणाला, "बिलावर पितळ कुठं लिहिलंय?" खरंच नव्हतं. 'फिटिंग १४ नग', तेही कच्च्या बिलावर. प्लंबरचा फोन तेव्हापासून लागत नाही.

दुसऱ्या दुकानात मी कानस खिशात घेऊनच गेलो. एक नट आतल्या बाजूनं घासू दिला, तरच माल घेईन म्हटलं. मालक आधी चिडला, मग हसला. पक्क्या बिलावर 'पितळी' लिहून घेतलं.

नवे प्लंबरकाका सावकाश काम करणारे. पाइप कटरनं सरळ कापला, रीमर (तोंड घासून गोल करायचं हत्यार) फिरवून तोंड गोल केलं. नाहीतर आतली ओ-रिंग (रबरी कडी) कापली जाते. आधी नट, मग एका जागी चिरलेली धातूची रिंग पाइपवर चढवली, पाइप फिटिंगवर शेवटपर्यंत दाबला. दोन पाने घेतले, एकानं फिटिंग धरून दुसऱ्यानं नट आवळला. टेफ्लॉन लावला तो फक्त भिंतीतल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपच्या आट्यांना. मी विचारलं तर म्हणाले, "नटाचे आटे पाणी अडवत नाहीत हो, ओ-रिंग अडवते. टेप गुंडाळून काय होणार?" रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहिला, तेव्हा कुठं पैसे घेतले.

जुने तेरा गळत नव्हते, तरी सगळे उपटले. भंगारवाला घेऊन गेला, जस्ताच्या भावानं.